गावचा वळू आता तुमच्या दावणीला

मा. पशुसंवर्धन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे



साहेब,

आमच्याकडे गाय माजावर आली की आता कोणी वळू शोधत नाही, फोन लावतो. तासाभरात मोटारसायकलला नायट्रोजनचा डबा बांधलेला माणूस गोठ्यात येतो, रेताची कांडी भरतो, पैसे घेतो आणि पुढच्या गावाला निघतो. औसा तालुक्यातल्या बहुतेक गावांत हीच रीत पडली आहे. पूर्वी गावाचा म्हणून एक वळू असायचा. तो कोणाच्या ज्वारीत शिरला तरी त्याला सहसा कोणी काठी लावत नसे. त्याची आई कोणाच्या गोठ्यातली, ती किती दूध द्यायची, तिचे गोऱ्हे औताला कसे चालले, हे म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असे. तो वळू गेला. त्याला चरायला गायरान उरले नाही, सोयाबीनच्या रानात ट्रॅक्टर आला, आणि फोनवर कांडी मिळत असताना वळू पोसायचा खर्च कोण करणार?

कांडीबद्दल माझी तक्रार नाही. एका वळूमागे गावभर पसरणारे गर्भपाताचे रोग तिने रोखले, दुधाचे चार पैसे घरात आणले. ज्याने जर्सी किंवा होलस्टीनची कांडी भरवून संकरित गाय उभी केली आणि तिच्या दुधावर पोरांची शिक्षणे केली, त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की वळू निवडायचे जे काम गाव करत होते ते आता गावाकडे राहिलेले नाही. ते आपले खाते आणि महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ करते. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या गोठित रेत प्रयोगशाळांत कोणता वळू ठेवायचा आणि कोणता नाही, यावर आमच्या तालुक्यात तीन-चार वर्षांनी कोणत्या गाई दिसतील हे ठरते. गावचा वळू आता तुमच्या दावणीला आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

औसा कुठे वसले आहे ते आधी सांगतो, कारण मागणी त्यातूनच निघते. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याआधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातच होतो. आमच्या पूर्वेला निलंगा, देवणी, उदगीर हा देवणी गाईचा मूळ पट्टा. पश्चिमेला धाराशिव, तुळजापूर, म्हणजे उस्मानाबादी शेळीचे घर. उत्तरेला अहमदपूर ओलांडून नांदेड जिल्ह्यात उतरले की कंधार, लोहा, मुखेड, तिथे लाल कंधारी. देशभर नाव असलेल्या तीन जाती आणि मधोमध आमचा तालुका. गरिबाच्या घरी शेळी, बऱ्या शेतकऱ्याच्या दावणीला देवणी, असा आमचा जुना संसार आहे.

देवणीबद्दल तुम्हाला मी काय सांगावे! पण हे पत्र इतरही वाचतील. गीर, डांगी आणि इथली स्थानिक जनावरे यांच्या मिश्रणातून ही जात घडली असे जाणकार मानतात. तिचे तीन रंग. तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या आणि अंग पांढरे ती वानेरा. अंग पांढरे आणि पोटाखालच्या भागात काळे ठिपके ती बालंक्या. अंगभर वेडेवाकडे काळे डाग ती शेवरा. गाय दुधाला बरी आणि बैल काळ्या रानात नांगराला चिवट, असा दुहेरी उपयोग, म्हणून तिची पत. वेताचे सरासरी दूध हजार लिटरच्या आत राहते. डेअरीच्या हिशेबात ते कमी आहे, हे मान्य. पण मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला, हिरवा चारा संपला, कडब्यावर दिवस काढायची वेळ आली की संकरित गाय धापा टाकते आणि देवणी रवंथ करत उभी असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला प्यायचे पाणी आले. त्या उन्हाळ्यात कोणाचे जनावर तगले आणि कोणाचे बाजारात गेले, हे आमच्या लोकांच्या लक्षात आहे.

आता कांडीकडे वळतो. ती बनते कशी हे आमच्या पशुपालकांना कोणी नीट सांगितलेले नाही. नुसते ‘डॉक्टरची सुई’ म्हणून लोक तिला ओळखतात.

प्रयोगशाळेत वळूला दुसऱ्या जनावरावर चढू देतात आणि कोमट पाण्याचे अस्तर असलेल्या रबरी कृत्रिम योनीत त्याचे रेत झेलतात. एका वेळी जेमतेम चार-पाच मिलिलिटर मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या थेंबात शुक्रजंतूंच्या लाटा उसळताना दिसल्या तरच ते पुढे जाते. मग त्यात ट्रिसचे द्रावण, अंड्याचा पिवळा बलक, फ्रुक्टोज साखर, प्रतिजैविके आणि ग्लिसरीन मिसळतात. बलक शुक्रजंतूच्या आवरणाला थंडीचा धक्का बसू देत नाही. ग्लिसरीन पेशीतल्या पाण्याचे धारदार स्फटिक होऊ देत नाही. हे मिश्रण पाव मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या नळीत भरतात, तीच कांडी. एकेका नळीत सुमारे दोन कोटी शुक्रजंतू, नळीवर जात, वळूचा क्रमांक, केंद्राचे नाव आणि तारीख छापलेली. या नळ्या चार अंशांवर काही तास मुरवतात, मग नायट्रोजनच्या वाफेवर काही मिनिटांत उणे एकशे चाळीसच्या आसपास नेतात आणि शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. नंतर त्या घाण्यातली एक कांडी वितळवून बघतात. निम्मे तरी शुक्रजंतू पोहत असले पाहिजेत, नाहीतर सगळा घाणा टाकून द्यायचा, असा नियम आहे.

ही विद्या फार जुनी नाही. भारतात कृत्रिम रेतन सुरू झाले ते १९३९ साली, म्हैसूरच्या पॅलेस डेअरीत. पण तेव्हा रेत बर्फात ठेवून दोन-तीन दिवसच टिकायचे, त्यामुळे वळू जवळपास असावाच लागे. १९४९ साली लंडनच्या मिल हिल इथल्या प्रयोगशाळेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि अ‍ॅलन पार्क्स यांना कोंबड्याच्या रेतावर काम करताना ग्लिसरीनचा गुण सापडला. साखरेचे द्रावण समजून घेतलेल्या बाटलीत ग्लिसरीन निघाले, असे सांगतात. दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, गोठवलेल्या रेतापासून केंब्रिजला वासरू जन्मले. त्या दिवसापासून वळूचे अंतर आणि वळूचे मरण, दोन्ही अडचणी दूर झाल्या. आपल्याकडे मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ ही संस्था उभी केली आणि गोठवलेली कांडी खेड्यातल्या गोठ्यापर्यंत नेणारी माणसे तयार केली. महाराष्ट्राचा दूधधंदा त्या माणसांच्या पायांवर उभा आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

रेत किती वर्षे टिकते? सिडनीतल्या शास्त्रज्ञांनी १९६८ साली मेरिनो जातीच्या चार मेंढ्यांचे, म्हणजे नरांचे, रेत गोठवले होते. ते २०१९ साली वापरले. ५६ मेंढ्यांपैकी ३४ गाभण राहिल्या. अलीकडे गोठवलेल्या रेताचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते. पन्नास वर्षांत काही बिघडले नव्हते. ज्या नरांची ही पिले, ते कधीचे मातीत गेले होते.

हे वाचले तेव्हा मला किल्लारी आठवली. किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची, भूकंपाची पहाट, रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, आणि त्या दगड-मातीच्या भिंतींखाली दावणीला बांधलेली जनावरेही गेली. माणसांचे दु:ख एवढे मोठे होते, की गेलेल्या जनावरांत कोणत्या वंशाच्या गाई होत्या हे विचारायला कोणाला सवड नव्हती, आणि ते बरोबरच होते. पण एका पहाटेत एखाद्या गावाची सगळी पैदास संपू शकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा पुन्हा पाहिले. राज्यात हजारो जनावरे दगावली. अशा वेळी दुसऱ्या ठिकाणी, सुरक्षित जागी, डब्यात राहिलेले रेत हाच त्या वंशाचा आधार असतो.

तुम्ही म्हणाल, देवणी आणि लाल कंधारीच्या कांड्या तर बनतातच. बनतात, मला ठाऊक आहे. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे, तिथे देशी जातींचे रेत साठवलेले असते, हेही ठाऊक आहे. माझा प्रश्न निराळा आहे: किती वळूंच्या?

हा आकडा फार महत्त्वाचा आहे, आणि त्याचे गणित शाळकरी पोरालाही करता येईल. वळूंची संख्या गुणिले गाईंची संख्या गुणिले चार, आणि त्याला वळू अधिक गाई यांनी भागायचे. आलेले उत्तर म्हणजे आनुवंशिकतेच्या दृष्टीने तो कळप खरा केवढा आहे. समजा दहा हजार देवणी गाई आहेत आणि त्या पाच वळूंच्या कांड्यांनी भरवल्या. उत्तर येते वीस. दहा हजार गाई दावणीला असून कळप वीस जनावरांचा! दर पिढीला रक्त अडीच टक्के जवळ येत जाते. त्याच गाईंना पंचवीस वळू दिले तर उत्तर शंभराजवळ जाते आणि ती वाढ अर्ध्या टक्क्यावर येते. वळू गावोगाव होते तेव्हा हे गणित आपोआप सांभाळले जात होते. कारण एका वळूची धाव पाच-सात गावांपलीकडे नव्हती. कांडीची धाव राज्यभर आहे. एक वळू वर्षाला हजारो कांड्या देतो आणि मेल्यावरही देत राहतो.

परदेशात याची किंमत मोजून झाली आहे. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेला चीफ नावाचा होलस्टीन वळू होता. त्याच्या सोळा हजार मुली, पाच लाखांवर नाती. मुलींचे दूध भरपूर, म्हणून जगभर त्याच्या कांड्या गेल्या. पुढे कळले, की त्याच्या रक्तात एक दोष होता. तो दोष आई आणि बाप दोन्हीकडून आला की गर्भ पोटातच मरतो. त्यापायी जगभरात पाच लाखांच्या आसपास गर्भपात झाले, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला. होलस्टीनच्या गाई कोट्यवधी आहेत, त्या जातीने हा फटका पचवला. देवणी पचवू शकणार नाही.

आणि संकट दाराशी आहे. २०१९ च्या पशुगणनेत, म्हणजे २०१२ नंतरच्या सात वर्षांत, देशातल्या गोवंशातले नर तीस टक्क्यांनी घटले आणि माद्या अठरा टक्क्यांनी वाढल्या. आता लिंग-वर्गीकृत कांडी आली आहे. तिने बहुतेक कालवडच होते, दूधवाल्याच्या दृष्टीने ती फार सोयीची. पण देवणीचा उद्याचा वळू गोऱ्ह्यातूनच निघणार आहे ना? चांगल्या आईच्या पोटचा गोऱ्हा वर्षाचा होण्याआधी बाजारात गेला किंवा चिमटा लावून खच्ची झाला, तर दहा वर्षांनी तुमच्या प्रयोगशाळेला वळू आणायचा कुठून?

म्हणून पहिली मागणी. देवणी आणि लाल कंधारीचे निदान पंचवीस-पंचवीस वळू, एकमेकांच्या नात्यात नसलेले, शेतकऱ्यांच्या गोठ्यांतून शोधा आणि त्यांचे रेत गोठवा. त्यातले काही रोजच्या वापराला द्या, काही कुलूपबंद ठेवा, आणि कुलूपबंद साठा एकाच इमारतीत ठेवू नका. वानेरा, बालंक्या आणि शेवरा तिन्ही त्यात असू द्या. वानेरा दिसायला देखणी म्हणून तीच निवडली जाते, असे होऊ नये. शोधायला लांब जावे लागणार नाही. हाळी-हंडरगुळीचा बाजार आहे, देवणीचा बाजार आहे. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथे लाल कंधारी आणि देवणीची जनावरे प्रदर्शनाला उभी राहतात, निवड होते, फेटे बांधले जातात, फोटो निघतात. त्यानंतर तो वळू कुठे गेला, हे पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही. बक्षिसाच्या दिवशीच त्याच्या मालकाशी बोला.

बोलताना एक ध्यानात असू द्या. आमचा माणूस वळू कायमचा द्यायला तयार होत नाही, आणि सरकारने नेलेले जनावर परत येते यावर त्याचा विश्वास नाही. क्षय, जोन्स, ब्रुसेला यांच्या तपासण्या आणि विलगीकरणाचा काळ टाळता येणार नाही, हे मला समजते. पण एक-दोन हंगामांपुरता वळू भाड्याने घ्यावा, पुरेसे रेत साठवावे आणि वळू मालकाला सन्मानाने परत करावा, अशी योजना का होऊ नये? प्रत्येक कांडीमागे मालकाला ठरावीक रक्कम मिळावी. पुढच्या पिढीचा वळू सांभाळायला त्याला त्यातून बळ येईल. देवणी बिदरकडेही आहे. तिथे कर्नाटकचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, उदगीरला आपले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दोघांमध्ये मोटारीने दीड-दोन तासांचे अंतर. गाईने राज्याची सीमा कधी मानली नाही. वळूंची देवाणघेवाण दोन खात्यांनीही करावी.

पैशाचे म्हणाल तर एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले. त्याच्या सात विषयांत स्थानिक पशुधनाच्या जाती हा एक आहे. ती पाच वर्षे सरत आली. त्या कोशात लातूर-नांदेडच्या किती वळूंचे रेत जमा झाले, ते जाहीर करावे.

शेळीचा विषय मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण तो सर्वांत दुर्लक्षित आहे आणि माझ्या मते सर्वांत निकडीचा आहे. उस्मानाबादी काळी, उंच, जुळी करडे देणारी, बाभळीच्या पाल्यावर जगणारी. ती सांभाळते घरची बाई, आणि शेळीचा पैसा हाच बहुधा तिच्या हातात उरणारा पैसा असतो. या जातीवर एक विचित्र संकट आहे. कळपातला जो बोकड सर्वांत लवकर वाढतो, सर्वांत भरतो, तोच बकरी ईदला आधी विकला जातो. त्याला भावच तसा येतो, आणि विकणाऱ्या बाईला दोष देता येत नाही. मागे राहतो तो अशक्त, न विकला गेलेला बोकड. शेळ्या त्याच्यापासून गाभण राहतात. चांगले विकायचे आणि उरलेल्यावर वंश चालवायचा, हे दरवर्षी चालू आहे. बहुतेक वेळा तो बोकड कळपातच जन्मलेला असतो, म्हणजे स्वत:च्या बहिणींवर आणि आईवर चालतो. करडे लहान पडतात, मरतात, आणि लोक म्हणतात जात बिघडली.

रेत गोठवण्याची विद्या नेमकी इथे कामाला येते. ईदेच्या दोन-तीन महिने आधी त्या बोकडाचे रेत घेऊन ठेवले, तर बाईला बोकडाचे पैसेही मिळतील आणि त्याचा वंशही राहील. शेळीचे काम गाईपेक्षा अवघड आहे, हे खरे. बोकडाच्या रेतद्रवात एक विकर असते, ते अंड्याच्या बलकाशी मिसळले की शुक्रजंतूंना मारक द्रव्य तयार होते. त्यामुळे बोकडाचे रेत आधी धुऊन घ्यावे लागते किंवा बलक अगदी कमी वापरावा लागतो. शेळीचे गर्भाशयमुख अरुंद आणि वळणाचे, त्यात नळी घालायला सराव लागतो. पण हे जमते. बाएफने शेळ्यांत ते करून दाखवले आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची अंबाजोगाई आणि मुखेड इथली प्रक्षेत्रे आमच्या दोन्ही अंगांना आहेत. तिथे उस्मानाबादी बोकडांचे रेत गोठवा आणि आमच्या तालुक्यातल्या चार मुलींना शेळीच्या रेतनाचे शिक्षण द्या. मुलीच म्हणतो, कारण दुपारी घरी शेळीजवळ बाई असते आणि माजाची गोष्ट ती परक्या पुरुषाशी मोकळेपणाने बोलत नाही.

आणखी एक वाट आहे. कापलेल्या बोकडाच्या वृषणाला लागून असलेल्या नलिकेत तयार शुक्रजंतू शिल्लक असतात. वृषण थंड ठेवून दिवसाभरात प्रयोगशाळेत नेले तर ते काढून गोठवता येतात. रोजच्या वापरासाठी नव्हे, पण जनुक कोशात ठेवण्यासाठी हा साठा मोलाचा आहे. रोगांची तपासणी करूनच तो ठेवावा. उदगीरच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना ईदेच्या दिवसांत हे काम नेमून दिले, तर एका आठवड्यात जेवढ्या बोकडांचा वंश जपला जाईल तेवढा वर्षभर हिंडून जपता येणार नाही.

शेवटी गोठ्यातली गोष्ट. वर सांगितलेले सगळे केले आणि डब्यात नायट्रोजन नसला, तर काय उपयोग? कांडी उणे १३० च्या वर गेली की आत स्फटिक वाढू लागतात आणि शुक्रजंतू मरतात. ती पुन्हा बुडवली तरी जिवंत होत नाहीत. मेलेली कांडी आणि जिवंत कांडी डोळ्यांना सारखीच दिसते. मी गोठ्यात उभे राहून पाहिले आहे. झाकण काढले की पांढरी वाफ जमिनीवर उतरते, माणूस कांड्यांची कप्पी वर ओढतो आणि हव्या त्या रंगाची कांडी मिळेपर्यंत ती डब्याच्या तोंडाच्या वर धरून ठेवतो, मे महिन्याच्या उन्हात. दहा सेकंदांच्या वर गेले की त्या कप्पीतल्या बाकीच्या कांड्यांचेही नुकसान सुरू होते. मग चिमट्याने काढलेली कांडी ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरायची असते. कोणी थर्मासमधून पाणी आणतो, कोणी हौदातले घेतो, कोणी तळहातावर चोळतो. आमच्या शेजारची एक देवणी गाय अशीच गाभण न राहता सारखी उलटत होती. गाय वांझ ठरली आणि बाजारात गेली. कांडी वितळवताना पाणी किती गरम होते, डब्यात नायट्रोजन किती होता, हे कोणी पाहिले नव्हते.

नायट्रोजन मोजायला पट्टी लागते, दुसरे काही नाही. ती डब्यात सोडून बाहेर काढून हवेत हलवली की जिथवर पांढरे दव धरते तिथवर नायट्रोजन. औसा तालुक्यातल्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या फळ्यावर नायट्रोजन कधी भरला आणि आज किती आहे, हे लिहायला सांगा. सरकारी असो की खासगी, कांडी भरणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत थर्मामीटर असावा आणि वर्षातून एकदा त्याच्या डब्यातली एक कांडी प्रयोगशाळेत तपासली जावी. आणि कांडीवरचा वळूचा क्रमांक मालकाला लिहून द्यावा. गाईच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आहे, तिच्या नावाने वळूचाही क्रमांक नोंदला गेला पाहिजे. डब्यातला वळू म्हातारा होत नाही. तीन वर्षांनी कालवड माजावर येते तेव्हा तिच्या बापाची कांडी त्याच डब्यात असू शकते. क्रमांक लिहिलेला नसेल, तर बाप-लेकीचा मेळ होतो आणि कोणाला कळतही नाही.

दवाखान्याच्या त्याच फळ्यावर आणखी एक तक्ता लावता येईल: कोणत्या क्रमांकाचा वळू, कोणत्या गावच्या गाईच्या पोटचा, त्या गाईचे वेताचे दूध किती, रंग कोणता. आमचे लोक तो उभे राहून वाचतील. वळूची आई कोणती हे विचारायची सवय त्यांना अजून आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर गाई माजावर यायला लागतात. त्याआधी, यंदाच्या माळेगावच्या यात्रेतच वळूंची पहिली नोंद व्हावी. उदगीर आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची माणसे येणार असतील तर औसा, निलंगा आणि लोहा या तालुक्यांतून गोठ्यांचे पत्ते गोळा करून द्यायची जबाबदारी आम्ही पशुपालक घेतो. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
औसा तालुक्यातला एक पशुपालक